सट्ट्याचं कर्ज फेडलं म्हणजे मुलगा बरा झाला का?

आइस हॉकी हा खेळ तुम्ही कधी पाहिला आहे का? पायात लोखंडी पात्याचे बूट घालायचे, बर्फाच्या मैदानावर घसरत पळायचं आणि काठीने एक काळी रबराची चकती गोलमध्ये ढकलायची, असा हा खेळ. अमेरिका आणि कॅनडात तो फार लोकप्रिय आहे. आपल्या नांदेड-लातूरकडे बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं. तरीसुद्धा या खेळावर पैसे लावणारी मुलं आता आमच्या ओपीडीत येऊ लागली आहेत.

"डॉक्टर, मी सट्टा खेळतो, मला वाचवा" असं म्हणत अर्थातच कुणी येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पित्त वाढलंय, वजन उतरलंय, चिडचिड होते, अशा तक्रारी असतात. मग ईसीजी होतो, थायरॉईड होतं, साखर होते, सगळं नॉर्मल येतं. रुग्ण आणि नातेवाईक दोघांनाही वाटतं, आता एखादा स्कॅन करावा लागणार.

असाच एक रुग्ण सांगतो. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय तेवीस, शिक्षण पूर्ण, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू, सोबत वडील. पहाटे साडेचार ते सात हा पोरगा रोज जागा. "अभ्यास करतंय लेकरू," वडील म्हणाले. वडिलांना बाहेर बसायला सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मॅच असती सर." पहाटे साडेचारला कसली मॅच? तर तिकडच्या एनएचएल नावाच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा सीझन ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. अमेरिकेच्या पूर्व भागात संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. ज्या संघावर त्याने पैसे लावले होते, त्यातल्या दोन खेळाडूंची नावंसुद्धा त्याला सांगता आली नाहीत. मी विचारलं, मग लावले कशाला? "सीझनच्या पहिल्या आठवड्यात भाव चांगला भेटतो. कुणालाच फॉर्म माहीत नसतो ना."

वडिलांना सट्ट्याचं माहीत होतं. एकदा सोयाबीनच्या पट्टीतून आणि एकदा मुलाच्या आईचे दागिने गहाण ठेवून त्यांनी दोन वेळा सगळं कर्ज फेडलेलं होतं. त्यामुळे त्यांच्या मते तो विषय संपला होता. "फेडून टाकलं साहेब सगळं. आता फक्त झोपेचं बघा."

आजचा लेख या "फेडून टाकलं" बद्दल आहे. गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि त्यानंतर तीच माणसं सहा-आठ महिन्यांनी इतक्या वेळा परत आलेली पाहिली आहेत, की आता स्पष्टच लिहावं असं वाटतं. माझं मत असं: घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडणं हा उपचार नाही. बऱ्याच वेळा त्यामुळे आजार वाढतो. हे मत पुष्कळ आई-वडिलांना कठोर वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून ते का, हे नीट समजावून सांगतो.

क्रिकेट सोडून हॉकीवर कसा गेला?

सुरुवात आयपीएलपासूनच होते. मार्चअखेर सीझन सुरू होतो. नीटची परीक्षा साधारण मे महिन्यात असते, म्हणजे आपल्याकडे नांदेड आणि लातूरला क्लासेससाठी रूम करून राहणाऱ्या हजारो मुलांचा सर्वांत महत्त्वाचा काळ आणि आयपीएल हे दोन्ही एकाच वेळी येतात. मेसचे पैसे, रूमचं भाडं मुलांच्याच फोनमध्ये असतं. कुणीतरी "आयडी" देतो. आधी शंभर रुपये, मग पाचशे. मे महिना संपला की क्रिकेटचा तो रोजचा डोस बंद होतो. साइटवर मात्र चोवीस तास काही ना काही चालू असतं. कुठल्यातरी देशातलं टेबल टेनिस, कुठलंतरी फुटबॉल आणि ऑक्टोबर आला की बर्फावरची हॉकी. तिथे ३२ संघ आहेत, प्रत्येक संघाचे सीझनमध्ये ऐंशीहून जास्त सामने होतात. म्हणजे जवळपास रोज पहाटे काहीतरी आहेच. आपल्याकडे त्याच वेळी सोयाबीन निघालेलं असतं आणि घरात थोडाफार पैसा आलेला असतो, हा योगायोग वाईट आहे.

जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. मटक्याची सुरुवातच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना काय भाव निघाला यावर मुंबईत पैसे लावण्यातून झाली. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले आहेत. पुढे १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात कापसाचा संबंध संपला, नुसते आकडे उरले. ज्या माणसाने न्यूयॉर्क नकाशातही पाहिलं नव्हतं तो तिथल्या कापसावर पैसे लावत होता. आज नातू त्याच देशातल्या हॉकीवर लावतो. कापूस काय, हॉकी काय, खेळणाऱ्याला त्या वस्तूशी काही देणंघेणं नसतं. निकाल लवकर लागला पाहिजे, एवढंच. यावरूनच हा खेळाचा शौक नाही हे तुमच्या लक्षात येईल.

"मला यातलं कळतं"

मुलं मला सांगतात की मटका नशिबाचा असेल, यात अभ्यास लागतो. थोडा हिशोब करू या. दोन बरोबरीचे संघ आहेत, साइट दोन्हीवर १.९० भाव देते. म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर १९० परत. असे शंभर सामने खेळलात आणि त्यातले बरोबर निम्मे जिंकलात, तर १०,००० रुपये लावून ९,५०० परत आले. निम्म्या वेळा बरोबर येऊनही पाचशे रुपये गेले. नुसतं पाण्याबाहेर राहायचं तरी शंभरातले ५३ सामने बरोबर सांगावे लागतात, तेही भाव ठरवणारे लोक दिवसभर तेवढंच काम करत असताना.

आणि सीझनच्या सुरुवातीला तर कुणालाच काही कळत नसतं. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. मुंबई इंडियन्सने २०१३ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक सीझनचा आपला पहिला सामना हरलेला आहे. त्याच काळात २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच वेळा स्पर्धाही त्यांनीच जिंकली. २०१५ मध्ये तर पहिले चारही सामने हरले होते. पहिल्या आठवड्यावरून "यंदा या टीमचं काही खरं नाही" असं ज्यांनी ठरवलं, त्यांचं काय झालं असेल ते बघा. चार सामन्यांच्या निकालात बरंचसं नाणं उडवणं असतं.

पण गंमत पुढे आहे. समजा एखाद्या हॉस्टेलमधल्या ६४ मुलांनी नाणं उडवून सहा सामन्यांचे अंदाज बांधले. पहिल्या सामन्यानंतर साधारण ३२ मुलं बरोबर ठरतील, दुसऱ्यानंतर १६, मग ८, मग ४, मग २ आणि सहाव्यानंतर एक. या एका मुलाने काहीच अभ्यास केलेला नाही, पण त्याचे सहाच्या सहा अंदाज बरोबर आले. आता त्याला कोण सांगणार की हे नशीब आहे? तो टेलिग्रामवर टिप्स द्यायला लागतो. बाकीचे त्याच्याकडे बघून पैसे लावतात. आणि माझ्या दृष्टीने त्या ६४ मुलांपैकी सर्वांत जास्त काळजी करावी असा हाच आहे.

कारण माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या गोष्टीत सुरुवातीला एक मोठी जीत असते. पहिल्याच आठवड्यात दोन हजाराचे अठरा हजार झाले, त्यातून मोबाइल घेतला, मित्रांना पार्टी दिली. ज्याचे पहिल्याच दिवशी पाचशे गेले तो बहुतेक वेळा शिव्या देऊन ॲप काढून टाकतो आणि सुटतो. म्हणून पालकांना मी सांगतो की मुलगा हरल्याचं कळलं तर जेवढे घाबरता, तेवढंच तो जिंकल्याचं कळल्यावरही घाबरा. आपल्याकडे जिंकून आलेल्या पैशाचे पेढे वाटले जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मेंदूत काय होतं

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. शुल्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांतून असं दिसलं, की माकडाला फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामिनच्या पेशी जोरात उद्दीपित होतात. रस मिळणार हे आधीच ठाऊक असेल तर प्रत्यक्ष रस मिळताना फारसं काही होत नाही. आणि मिळेल की नाही याची निम्मी-निम्मी शक्यता असेल, तर वाट पाहण्याच्या त्या सगळ्या काळात पेशी चालू राहतात. थोडक्यात, मेंदूला ओढ "मिळेल बहुतेक" याची लागते. महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार मिळतो, त्याचं व्यसन कुणाला लागलेलं ऐकलंय का?

आणखी एक गोष्ट. थोडक्यात हुकलेला सामना मेंदूला हार वाटतच नाही. जुगारात जिंकता जिंकता राहिलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा जिंकल्यावर जे भाग उजळतात त्यातले काही याही वेळी उजळलेले दिसले. शेवटच्या ओव्हरला एका रनने हरलेला मुलगा "आज जमलंच होतं" असं म्हणतो आणि पुन्हा लावतो. बाहेरून आपल्याला तो मूर्ख वाटतो.

हा स्वभावाचा दोष नसून मेंदूचा आजार आहे, हे पटत नसेल तर आमच्या औषधांच्या दुनियेतला एक पुरावा देतो. पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या रुग्णांना प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधं देतात. ती डोपामिनसारखं काम करतात. काही रुग्णांमध्ये, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांमध्ये, ही औषधं सुरू झाल्यावर जुगाराची अनावर ओढ निर्माण होते आणि औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर बहुतेकांची ती ओसरते. संस्कार तेच, माणूस तोच. (तुमच्या घरात कुणी ही औषधं घेत असेल आणि पैशांच्या बाबतीत वागणं बदललं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. औषध मात्र आपल्या मनाने अचानक बंद करू नका.)

म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात जुगाराचा आजार दारू आणि इतर नशांच्या गटात आणला गेला. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यातही तो व्यसनांच्याच गटात आहे.

बापाने भरलेले पैसे म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. मुलगा दोन लाख हरला आहे. देणेकऱ्यांचे फोन येतात. तो चार दिवस जेवत नाही, घरात धडधड, रडारड. शेवटी आईजवळ कबूल करतो. आई वडिलांना सांगते. रात्रभर भांडण होतं, शपथा होतात, पोराला देवासमोर हात ठेवायला लावतात. दुसऱ्या दिवशी वडील कुठूनतरी पैसे उभे करतात आणि कर्ज मिटतं. मुलाला त्या रात्री शांत झोप लागते.

हेच मेंदूच्या बाजूने बघा. पैसे गेले होते, ते मिळतील की नाही याची खात्री नव्हती, जीव टांगणीला होता आणि अचानक सगळे परत आले. ही जीत आहे! सट्ट्यातल्या कुठल्याही जितीपेक्षा मोठी जीत. वडिलांना वाटतं आपण शेवट केला, आणि मुलाच्या मेंदूने नोंद केली की कितीही हरलं तरी शेवटी भरून निघतं.

दुसरी बाजू बुकीची. आयडी बहुतेक वेळा उधारीवर चालतो. ज्याने उधारी बुडवली त्याची पत संपते. ज्याच्या बापाने दोन लाख आठ दिवसांत आणून दिले, तो मुलगा चांगलं गिऱ्हाईक ठरतो, त्याला पुढच्या वेळी चार लाखांपर्यंत खेळू देतात. असं माझ्यासमोर एका रुग्णाने जवळजवळ अभिमानाने सांगितलं: "माझं लिमिट वाढवलं सर त्यांनी."

तिसरी गोष्ट, मुलगा पहिल्यांदा जो आकडा सांगतो तो बहुधा पूर्ण नसतो. दोन लाख सांगितले तर बाहेर आणखी काहीतरी असतं. मित्राचे, क्रेडिट कार्डाचे, लोन ॲपचे, क्लासच्या फीचे. ते लाजेने झाकलेलं असतं. ते झाकलेलं फेडण्यासाठी तो पुन्हा खेळतो. सट्टेबाजांच्या भाषेत याला "रिकव्हरी" म्हणतात, आणि आमच्या भाषेत हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे.

मग काय, मुलाला सावकाराच्या तोंडी द्यायचं? नाही. मी असं कुठेही म्हटलेलं नाही. पैसे द्यायचे की नाही यापेक्षा कसे द्यायचे हे महत्त्वाचं आहे. एका वहीत सगळी देणी लिहून काढा, मुलाच्या हाताने. एका बैठकीत पूर्ण होणार नाही, चार दिवसांनी पुन्हा बसा. बँक, नातेवाईक, मेसवाला यांची खरी देणी हप्त्याने फेडा, आणि त्या हप्त्यात मुलाच्या कमाईचा वाटा असू द्या, मग तो हजार रुपये का असेना. पैसे त्याच्या हातात देऊ नका, ज्याचे आहेत त्याला थेट द्या. सट्ट्याच्या देण्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. कुणी धमकावत असेल तर तो पोलिसांचा विषय आहे. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि कृपा करून "लग्न लावून द्या, अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल" हा उपाय करू नका. कुठल्याही आजारावर दुसऱ्याची मुलगी हे औषध नाही. तिचे दागिने हे पुढचं भांडवल होतं, एवढंच.

कायदा झाला की, मग आता काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याआधी २०२३ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरच ड्रीम इलेव्हनचं नाव होतं, त्यामुळे घरातल्या लहान पोरांनाही ते पाठ झालं होतं. कायद्यानंतर ते गेलं, देशातल्या मोठ्या ॲप्सनी पैशांचे खेळ बंद केले. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. जाहिरात थांबली तरी नवीन मुलं कमी लागतील. पण ज्यांना आधीच लागलेलं आहे ते परदेशी साइटवर, बुकीच्या आयडीवर गेले, आणि हॉकीचं खूळ तिथूनच आलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देण्याची मुभा दिल्यापासून तिकडे तर ही बाजारपेठ उघडपणे वाढली आहे. विशेष म्हणजे त्याच हॉकी लीगने ऑक्टोबर २०२३ मध्ये, सीझनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, शेन पिंटो या २२ वर्षांच्या खेळाडूला सट्ट्याशी संबंधित कारणावरून ४१ सामन्यांसाठी बसवलं होतं. त्याने आपल्याच लीगवर पैसे लावल्याचं आढळलं नव्हतं, तरीही अर्धा सीझन गेला. प्रेक्षकांसाठी करमणूक आणि खेळाडूंसाठी एवढी कडक शिक्षा, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

रुग्णांसाठी या कायद्यातली एक बाब महत्त्वाची आहे. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे डॉक्टरांना सांगितलं तर केस होईल ही भीती मनातून काढून टाका. आम्ही पोलिसांना कळवत नाही.

ओळखायचं कसं आणि करायचं काय

तपासायला दोनच प्रश्न पुरतात, जगभर वापरले जातात. कधी आधीपेक्षा जास्त जास्त पैसे लावायची गरज वाटली का? आणि किती खेळतो हे जवळच्या माणसांपासून लपवावं लागलं का? यातल्या एकाचं उत्तर जरी "हो" असेल तरी पुढे बोलायला हवं. मी आता झोप न येण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक तरुणाला हे विचारतो, जसं तंबाखूचं विचारतो तसं, त्याच आवाजात. मधुमेहाच्या एखाद्या चाळिशीतल्या दुकानदाराची साखर दर वर्षी एप्रिल-मे मध्येच बिघडत असेल तर त्यालाही विचारतो. नेहमीच आंबे कारण नसतात.

उपचार आहेत. समुपदेशनाचा एक ठरावीक प्रकार, ज्यात विचारांच्या चुका (रिकव्हरी, "आज जमलंच होतं", "मला कळतं") एकेक करून उलगडल्या जातात, तो सर्वांत उपयोगी पडतो. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचं औषध लागतं. नालट्रेक्सोन नावाचं, दारू सोडण्यासाठी दिलं जाणारं औषध काही रुग्णांत ओढ कमी करतं, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला" असं म्हणणारे पाहुणे प्रत्येक घरात असतात, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

झोपेची गोळी मागायला आलेल्याला मी नुसती गोळी देत नाही, याचं कारण वर आलंच आहे. पहाटे साडेचारच्या सामन्यासाठी जागणाऱ्याला गोळी देऊन काय होणार? पहिल्या तीन महिन्यांत पैशांचा व्यवहार दुसऱ्याच्या हातात असणं हे माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कामाचं आहे. मुलाच्या खात्यात फक्त त्या आठवड्याचा खर्च. यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या. सिमकार्ड बदला, कारण टिप्स देणाऱ्यांचे मेसेज सीझन जवळ आला की पुन्हा सुरू होतात. हे शिक्षा म्हणून करू नका. पाय मोडल्यावर काही दिवस कुबडी देतो, तसं मुलाला सांगा, आणि ती कधी काढणार तेही सांगा.

आता सर्वांत गंभीर बाब. स्वीडनमध्ये जुगाराच्या आजाराचं निदान झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण सुमारे १५ पट आढळलं. धोका सर्वांत जास्त असतो तो सगळं उघडकीला आलेल्या दिवसांत, म्हणजे नेमकं जेव्हा घरात आरडाओरड चालू असते तेव्हा. त्या आठवड्यात मुलाला एकटं सोडू नका. हिशोब नंतर होईल. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवा किंवा दुसरीकडे हलवा, आपल्या शेतकरी घरांत ही एक गोष्ट जीव वाचवते. "जगून काय करू" असं तो बोलला तर ते नाटक समजू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

पुन्हा खेळला तर? खेळू शकतो. मधुमेहात साखर वाढली म्हणून आपण इन्सुलिन फेकून देत नाही. तपासणीला मी या रुग्णांना महिन्याच्या ठरावीक तारखेऐवजी सीझनच्या आधी बोलावतो. मार्चचा तिसरा आठवडा, सप्टेंबरची अखेर आणि दिवाळीनंतरचा एक दिवस. येताना मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि ती देण्यांची वही आणा. मुलासोबत घरातलं एक माणूस असावं, शक्यतो जे कमी ओरडतं ते.